कापड मोज, पोरी

परवाच्या रविवारी सूनबाईनं मोबाईलवर यादी काढली. सुट्टीत पोरांना घेऊन शहरात कुठं कुठं जाता येतं, त्याची यादी. बाग, मकबरा, पाणचक्की, किल्ला आणि शेवटी मॉलच्या वरच्या मजल्यावरचं ते उड्या मारायचं ठिकाण. पोरांनी अर्थात शेवटचंच धरलं. आम्ही पुंडलिकनगरातनं रिक्षानं गेलो. दारातच सगळ्या लेकरांना सारखे हिरवे मोजे दिले, मनगटाला कागदाची पट्टी डकवली, पट्टीवर नंबर. आत पन्नासेक पोरं आणि सगळ्यांच्या पायात तेच हिरवे मोजे. मला बाहेर जाळीपाशी स्टूल दिलं बसायला. मी कुठली बसतेय! दर दहा मिनिटांनी उठायची, नातवाला आणि नातीला जाळीशी बोलवायची, हनुवटी धरून तोंड वर करायची आणि बघायची. तिसऱ्यांदा नातू चिडला. "आज्जी, तू पोलीस आहेस का? किती वेळा तोंड बघते?" सून म्हणाली, "आई, नंबर आहे की हातावर. इथं नाही हरवत कुणी." व्हय बाई, म्हटलं. आणि चौथ्यांदा उठले.

आता यांना काय सांगू? सांगायला बसले तर पोरांच्या हातातलं आइस्क्रीम वितळून जाईल. म्हणून इथं लिहिते. मी काही शिकलेली नाही, चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं वाचणं-लिहिणं माझं मीच केलंय, पुड्यांचे कागद वाचून. त्यामुळं बोलते तसंच लिहिणार. मागंपुढं होईल, सांभाळून घ्या.

आम्ही तेव्हा छावणीत राहायचो. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा ओसारा. आमचे नाना लष्करातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर बागकामाला होते आणि माय घरी शिलाई करायची. सकाळी लष्कराचा बिगुल वाजला की आमच्या घरातलं मशीनही सुरू व्हायचं. कधी कधी वाटायचं, बिगुल मायलाच उठवायला वाजतो. गुरुवारी मात्र बिगुलाच्या आधी घुंगरं ऐकू यायची. गुरुवार छावणीच्या बाजाराचा दिवस. पहाटेपासनं बैल, म्हशी, शेळ्या आमच्या दारावरनं जायच्या, आणि त्यांच्या मागं भाजीवाले, भांडीवाले, कापडवाले. त्या गर्दीत आम्हा पाच भावंडांना घेऊन माय बाजार करायची. मी सगळ्यांत मोठी, बारा वर्षांची. माझ्यामागं सुमी, दहाची. मग तीन पोरं, एकापाठोपाठ एक, बाळ्या, गजू आणि धाकटा पिंट्या. ते तिघं म्हणजे सांडलेले हरभरे, एक उचलावा तर दोन घरंगळतात.

त्यावर मायनं एक युक्ती काढली होती. बाजारात गठ्ठ्याचं कापड यायचं, मिलमधलं, छपाईत काहीतरी चुकलेलं, स्वस्तात. माय एका वेळी अख्खा तागा उचलायची आणि सगळ्यांना एकाच कापडाचं शिवायची. पोरांना सदरे, आम्हाला झगे, उरलेल्याचे उशांचे अभ्रे. त्या साली नारिंगी कापड होतं, त्यावर पांढरे टिपके, आणि दर हातभर अंतरावर टिपक्यांची एक ओळ पुसट झालेली. आम्ही रांगेनं निघालो की गल्लीतले लोक म्हणायचे, निघाला गं तागा! दुपारी पोरं ओसाऱ्यावर लवंडली की नानांना कळायचं नाही, उशी कुठली आणि पोरगं कुठलं. एकदा ते खरंच बाळ्याच्या पाठीवर डोकं टेकून झोपले होते. तर मायचं म्हणणं असं, की गर्दीत तोंडं शोधत बसलं की डोळे दमतात. तोंडं इकडं वळतात, तिकडं वळतात. रंग वळत नाही. "शके, नावं नको घोकू अन् तोंडं नको हुडकू. कापड मोज, पोरी. कापड पुरं तर पोरं पुरी." मी बाजारभर मोजत चालायची. मला सोडून चार. चार, चार, चार. झोपेत पण मोजायची म्हणे.

उन्हाळ्यात पाचोडहून गया आत्या आली. नानांची धाकटी बहीण. सोबत बेबी. आत्याची तीन लेकरं गेलेली, एकही वर्षाचं झालं नव्हतं. चौथी ही बेबी राहिली. चार वर्षांची झाली तरी आत्या तिला कडेवरनं खाली ठेवायची नाही. नावसुद्धा धड ठेवलं नव्हतं, नाव ठेवलं की नजर लागते अशी भीती, म्हणून नुसती बेबी. बेबी घरात बोलायची, दाराबाहेर पाय पडला की मुकी. दोन बोटं तोंडात घालायची आणि डोळ्यांनी सगळं गिळायची. आत्याला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना होता, आणि दोन-तीन दिवसांपासून पोटातलं हलायचं थांबलं असं तिला वाटत होतं. ती कुणाजवळ बोलत नव्हती. नुसती हात पोटावर ठेवून ओसाऱ्यात बसायची, माय मशीन चालवायची, आणि आत्या मधेच म्हणायची, "वयनी, मशीन जरा थांबवा." मशीन थांबायचं. आत्या कान देऊन ऐकत बसायची, जसं काही पोटातलं पोर आवाज देणार आहे. मग म्हणायची, "चालू द्या."

शेवटी माय म्हणाली, आता दवाखान्यात दाखवू. मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात लेकरं आत सोडत नसत. आणि मायला तर पाच पोरं घरी एकटी ठेवायचीही सोय नव्हती, मागं एकदा गजूनं चुलीत चप्पल घातली होती. मग ठरलं असं, की सगळ्यांनीच जायचं. दवाखान्यापासून पाणचक्की हाकेवर. माय आणि आत्या दवाखान्यात जातील, पोरं पाणचक्कीवर बसतील. तेव्हा खेड्यापाड्यातनं दवाखान्यात आलेली कितीतरी माणसं आपली पोरं तिथंच बसवून ठेवत. सावली असते, पाणी असतं, मासे असतात. आम्हाला काय, आम्हाला ती सहल वाटली. आदल्या दिवशी मायनं उरलेल्या कापडात बेबीला झगा शिवला. आत्या म्हणाली, "हिला कशाला वयनी, हिच्याकडं हायेत की कपडे." माय दोरा दातानं तोडत म्हणाली, "मोजायला बरं पडतंय."

सकाळी मायनं धपाटे लावले. ज्वारीच्या पिठात तीळ, लसूण, कोथिंबीर, वर बोटांनी पाडलेली भोकं. फडक्यात धपाटे, डब्यात दही, एक पितळी तांब्या. चालत निघालो. पुलापाशी आत्यानं बेबीला कडेवरनं उतरवलं आणि तिचा हात माझ्या हातात दिला. नुसता दिला नाही, माझी बोटं एकेक करून तिच्या बोटांवर मिटवली. "शकू, तुझ्या हाती देते गं. मला दुसरं कुनी नाय." माय पुढनं ओरडली, "आता किती, शके?" "पाच, माय!" "पाच. ध्यानात ठेव. तासाभरात येतो आमी."

पाणचक्कीवर उन्हाळ्यातही गार असतं. मोठा हौद, उंच भिंतीवरनं धो धो पडणारं पाणी, त्याचे तुषार हौदाच्या अर्ध्यापर्यंत यायचे, आणि बाजूला तो म्हातारा वड. वडाखाली आठ-दहा बिऱ्हाडं पसरलेली, कुणाची बाळोती वाळत घातलेली, कुणाचा कांदा फोडलेला. फुटाणेवाली बसलेली. फुटाणे टाकले की मासे वर येत, काळे, करडे आणि मधनंच एखादा तांबूस. आमच्या पोरांनी मासे बघितले आणि पोरंच हरभऱ्यांसारखी सांडली. एक हौदाच्या या टोकाला, एक त्या. पाण्याच्या आवाजात हाका पोचेनात. मी बेबीचा हात धरून होते, शपथ घेऊन सांगते, पहिला अर्धा तास सोडला नाही. पण पिंट्या हौदाच्या कठड्यावर चढला. मी धावले. त्याला खाली ओढला, दोन दिल्या, आणि वळले तर बेबी होती तिथंच, दोन पावलांवर. बघा, म्हटलं, उगी घाबरले. पण मग गजू पडला, बाळ्याला तहान लागली, आणि मी हात धरायचं सोडून मोजायला लागले. मोजणं मला येत होतं ना. पाच. पाच. हौदाच्या त्या बाजूला नारिंगी, नळापाशी नारिंगी, वडाच्या पारंबीला लोंबणारं नारिंगी. पाच.

एकदा सहा आले.

मला चांगलं आठवतं. सहा. मी स्वतःलाच हसले, म्हटलं पळणारं पोरगं दोनदा मोजलं असेल. पुन्हा मोजले, पाच आले, आणि मला बरं वाटलं. आज मागं वळून त्या पोरीकडं बघते तर वाटतं, जावं आणि तिला गदागदा हलवावं. अगं, चार आले असते तर जीव टाकला असतास, मग सहा आले तेव्हा का नाही थांबलीस? पण कमी पडल्याची भीती असते. जास्तीची भीती कुणी शिकवलेली नसते.

ऊन चढलं तशी मी सगळ्यांना वडाखाली हाक मारली. खायचं म्हटलं की पोरं येतात. मी मांडीवर फडकं पसरून खाली मान घालून धपाट्यांवर दही घालत होते आणि हातात देत होते. हात आला की धपाटा. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच हात, पाच धपाटे. सगळी चिडीचूप खायला बसली. मग सुमीनं मला कोपरानं ढोसलं. "शके, ही कोण गं?"

मी वर बघितलं. समोर बेबीएवढी पोर, बेबीचाच झगा, तेच नारिंगी, तेच टिपके, ती पुसट ओळसुद्धा. पण डोळ्यांत हे एवढं काजळ, कानात चांदीच्या बारीक बाळ्या, गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत. धपाटा संपवून तिनं दह्याचा हात माझ्यापुढं केला. "मेरेकू और होना."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला. मी हौदाकडं बघितलं. माझ्या अंगात आधी पाय आले, मग आवाज. कठड्याशी जाऊन मी ओरडले, "बेबी! ए बेबी!" तर चार पोरी वळल्या. त्या काळात घरटी एक बेबी असायची. त्यातली एकही माझी नव्हती. मी पाण्यात बघत हौदाला फेरी घातली. खोल किती ते कळत नव्हतं, हिरवं दिसत होतं नुसतं. आणि तांबूस मासा वर आला की नारिंगी काहीतरी वर येतंय असं वाटायचं. मासा वळायचा, जायचा. पुन्हा दुसरा. त्या दिवसापासनं मी मासे बघितले नाहीत, नातवंडांनी घरात काचेची टाकी मागितली तेव्हा एवढ्या मोठ्यानं नाही म्हणाले की सून दचकली.

फुटाणेवालीला विचारलं. तिनं त्या पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "अरे, ये तो बड़ी बी के साथ की है! वो वहाँ बैठे थे ना, दस-बारा बच्चे, सब ऐसेच कपड़े में. अब्बी गये तांगे में. शहागंज के हैं." म्हणजे वडाच्या पलीकडच्या अंगाला अजून एक तागा बसला होता आणि मी तो बघितलाच नव्हता. बघितला होता, पण आपलाच म्हणून मोजला होता. सुमी पळत दरवाजापर्यंत गेली, दरवाजापुढं पूल, पुलावर टांगेच टांगे. परत आली आणि नुसती मान हलवली.

बेबी त्यांच्यात गेली असेल, असं मी मनाला म्हणत होते. पण असेल म्हणजे असेल. कुणी बघितली होती? टांग्यात बसताना फुटाणेवालीनं तोंडं थोडीच बघितली. टांग्यात नसेल तर राहिला तो हौद. आणि टांग्यात असेल तरी ती माणसं परत कधी येणार? त्यांच्या त्या बड़ी बी म्हातारीनं जर माझ्यासारखंच कापड मोजलं असेल, तर तिचे तिला पुरे भरले असतील. बेबी तर बाहेर तोंड उघडत नाही. ती बोटं तोंडात घालून बसेल, शहागंजात उतरेल, आणि कुणाला कळणारसुद्धा नाही. हे सगळं बारा वर्षांच्या डोक्यात कसं आलं नका विचारू. भीती लई भराभर हिशेब करते.

ती दुसरी पोर मग रडायला लागली. "दादी, दादी." मी तिला मांडीवर घेतलं, काय करणार. तिचं तोंड माझ्या पोटाशी धरलं, थोपटलं, हुंदके देत देत ती झोपली. तीन पोरं भेदरून आजूबाजूला बसली होती. सुमी माझ्या खांद्याला चिकटून. आणि तशात पलीकडनं माय आणि आत्या येताना दिसल्या.

आत्या हसत होती. आल्यापासनं पहिल्यांदा हसत होती. लांबनंच बोलत आली, "शकू गं, जित्तं हाय! डागदरीण बाईनं नळकांडं लावलं, म्हणली ठोके चांगले हायेत, झोपाळू हाय पोर. मला बी ऐकवलं. टकटक, टकटक, असं, वयनीच्या मशीनवानी!" येऊन वडाला टेकून बसली. तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायली. आणि पदरानं तोंड पुसता पुसता तिनं बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार. मग माझ्या मांडीवरचं. "पाच. पुरी हायत. झोपली व्हय माझी बाई? शकू, लई शहाणी गं तू. मी उगीच जिवाला घोर लावला." आणि तिनं डोळे मिटले.

तेव्हा मी गप्प बसले. हेच लिहायचं होतं मला, म्हणून एवढं लांबण लावलं. मी गप्प बसले. एक श्वासभर असेल, दोन असतील. मला वाटलं, कापड तर पुरं आहे. आत्याचे पाच भरलेत. ती हसतेय. पोटातलं पोर जितं आहे. ही अशीच झोपून राहिली, तोंड नाही वळवलं, आणि तेवढ्यात तो टांगा परत आला, तर कुणाला काही सांगावंच लागणार नाही. मी त्या परक्या पोरीचं डोकं माझ्या पोटाशी अजून घट्ट दाबलं, झाकायला. सुमी माझ्याकडं बघत होती. साठ वर्षं होत आली, माझ्या तळहाताला ते डोकं अजून लागतं. तेल लावलेलं, गरम.

मग मी बोलले. "आत्या, ही बेबी नाय."

आत्यानं डोळे उघडले. ती ओरडली नाही. तिनं पोरीकडं बघितलं, मग सरळ हौदाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलंच नाही. उठली, पोटाखाली हात धरून कठड्यापाशी गेली आणि उभी राहिली. पाणी पडत होतं, तुषार तिच्या तोंडावर येत होते, ती पुसत नव्हती. मायचा हात माझ्यावर उगारला गेला. पण तो खाली आला नाही. तो तसाच वळला आणि तिच्या स्वतःच्या तोंडावर गेला. युक्ती तिची होती ना. मग मायनंच स्वतःला सावरलं, फुटाणेवालीशी बोलली, पुन्हा सगळं विचारून घेतलं, आणि आत्यापाशी जाऊन म्हणाली, "गयाबाई, त्यांची पोर आपल्यापाशी हाय. पोर सोडून कुनी राहतंय का? येतील." आत्या म्हणाली, "त्यास्नी कळलं तर." म्हणजे तिच्याही डोक्यात तेच.

एवढ्यात ती पोर जागी झाली आणि टाहो फोडला. आत्या आली, माझ्या मांडीवरनं तिला उचललं. नाक पुसलं. दह्यात धपाट्याचा तुकडा बुडवून तिच्या तोंडाशी धरला. "खा माय. येती तुझी आजी. तू हितं हायस म्हणल्यावर येतीच." पोर हातपाय झाडत होती, आत्याच्या पोटावर लाथा बसत होत्या, माय म्हणाली सांभाळा, तरी आत्यानं तिला खाली ठेवलं नाही. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. ती पोर आत्याच्या हातातनं सुटली असती तर आत्याकडं बेबीच्या बदल्यात काहीच उरलं नसतं. सावली वडाच्या एका मुळावरनं दुसऱ्या मुळावर सरकली. मी मोजत होते. काय मोजत होते देव जाणे, मोजायची सवय, दुसरं काय. पडणारं पाणी मोजत होते.

टांगा थांबायच्या आधीच म्हातारी उतरली. बुरखा डोक्यावरनं घसरलेला, पाय अनवाणी, पांढऱ्या केसांना मेंदी, आणि कडेवर बेबी. बेबी, तीच बेबी, दोन बोटं तोंडात, दुसऱ्या हातात अर्धी नानखटाई. म्हातारी लांबूनच ओरडत होती, "या अल्ला, मेरी मुन्नी! मेरी मुन्नी किधर है?" आणि मुन्नी आत्याच्या हातातनं उडी टाकून धावली. मधल्या मोकळ्या जागेत दोघी बायका एकमेकींसमोर आल्या आणि क्षणभर काय करायचं कुणाला कळेना. मग म्हातारीनं बेबीला आत्याच्या हातात दिलं. नुसतं दिलं नाही, आधी बेबीचं तोंड आत्याकडं वळवलं. "देख लो बेटी. चेहरा देख लो पहले."

आत्यानं बघितलं. डोळे, नाक, कान, कानामागचा तीळ. दोन्ही हातांत तोंड धरून बघत राहिली. बेबी तोंडातनं बोटं काढून म्हणाली, बाहेर पहिल्यांदाच बोलली ती, "आये, त्यांच्या घरी मांजर हाय."

मग म्हातारी मटकन खाली बसली आणि रडत, हसत, अर्धं मराठीत, अर्धं तिच्या बोलीत सांगत सुटली. "काय सांगू बाई, मी कपडाच गिनी. ग्यारा बच्चे, ग्यारा कपडे, चलो घर. घरी सगळ्यांना दूध दिलं, ही घेईचना. मैं बोली, कायकू रूसी मुन्नी? हनुवटी पकडको देखी, तो ये किसकी बेटी? मेरी तो जान निकल गई. लोकांनी मला पोर पळवणारी म्हटलं असतं की, या वयात!" माय तिच्यापुढं उकिडवी बसली. "बड़ी बी, हे कापड कुठलं वो?" "छावनी का. जुमेरात के बाजार का, गुरुवारच्या. डागवालं, सस्तं मिळालं." मायनं स्वतःच्या पोरांकडं बघितलं, तिच्या नातीकडं बघितलं. "आमचंबी तिथलंच." आणि दोघी अशा हसायला लागल्या की फुटाणेवालीनं पाणी आणून दिलं. आत्या हसली नाही. ती बेबीचं तोंड बघत होती.

घरी येईपर्यंत आत्या माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मायनं जुन्या कपड्यांचे तुकडे काढले आणि प्रत्येकाच्या छातीवर वेगळं ठिगळ लावलं, सुमीला निळं, मला हिरवं. बेबीच्या झग्याला मात्र आत्यानं ठिगळ लावू दिलं नाही. घडी करून पिशवीच्या तळाशी घातला. पाचोडला गेल्यावर चार महिन्यांनी मुलगा झाला, धडधाकट. नाव लगेच ठेवलं, आणि बेबीचंही ठेवलं. तिला आता कुणी बेबी म्हणत नाही, मी सोडून. परवाच फोन होता तिचा, गुडघा दुखतो म्हणत होती.

माझ्या मनात मात्र ते दोन श्वास राहिले. सुमीनं कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढं बेबीचं लग्न निघालं, आम्ही सगळे पाचोडला. बेबी आतल्या खोलीत बसलेली, मुंडावळ्या बांधायच्या होत्या, मी आणि आत्या दोघीच तिच्याजवळ. आत्यानं मुंडावळ्या हातात घेतल्या, पण बांधायच्या आधी बेबीची हनुवटी धरून तोंड वर केलं. किती तरी वेळ. बेबी म्हणाली, "आये, पुरे की, बाया हसत्यात." तशी आत्या बाहेर आली, मी मागोमाग. दाराआड मी तिचा हात धरला. म्हटलं, आत्या, एक सांगायचं होतं. पाणचक्कीवर त्या दिवशी तू पाच मोजलेस, तेव्हा मी लगेच बोलले नाही.

आत्या म्हणाली, "ठाव हाय मला."

माझ्या हातातला तिचा हात तिनं तसाच राहू दिला.

"डोळे पुरते मिटले नव्हते, तू तिचं डोकं दाबलंस ते मला दिसलं. मनात आलं, आसं का दाबती? पर मी इचारलं नाय. पुरी भरली व्हती ना, मला बी बरं वाटत व्हतं." तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. बाहेर वाजंत्री सुरू झाली होती, तिला आत जायचं होतं, तरी ती थांबली. "तू बारा वर्साची पोर, शकू. मी तर आई. दोन हातांवर दुसऱ्याची लेक झोपलीया अन् मी कापड मोजून पानी प्याले."

एवढं म्हणून तिनं माझीच हनुवटी धरली, तोंड वर केलं आणि बघितलं. मग आत गेली, लेकीला मुंडावळ्या बांधायला.